तीन विटांची राजधानी

१९८६ साल. मी एकतीस वर्षांचा होतो, फौजेच्या लंगरमध्ये कुक होतो, आणि तोवरच्या आयुष्यात माझ्या हातून दूध, डाळ, खीर, काही म्हणजे काही उतू गेलेलं नव्हतं. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. तिथं दीडशे माणसांच्या डाळीचं पातेलं वर आलं, तर त्याच्या अर्धा मिनिट आधी माझा हात लाकडावर असायचा. जाळ मागं ओढायचा, फेस खाली बसवायचा. सुभेदार साहेब नव्या पोरांना सांगायचे, चुलीसमोर कसं उभं राहायचं ते याच्याकडं बघून शिका. मी चौथी शिकलेला माणूस, पण जाळ मला वाचता यायचा.

आदल्या सालीच आमची बदली त्रिवेंद्रमला झाली होती. आता त्याला तिरुवनंतपुरम म्हणतात, पण माझ्या तोंडी त्रिवेंद्रमच बसलंय आणि या वयात मी ते बदलणार नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण फार साधं आहे. मी मयूर विहारला मुलाकडं राहतो. फेब्रुवारी संपत आलाय. खालच्या रस्त्यावर काटेसावरीची लाल फुलं पडतायत, गाड्यांच्या टपांवर टप्प टप्प आवाज करत. नात सई खोलीचं दार लावून परीक्षेचा अभ्यास करते आणि घरात सगळे दबक्या पावलांनी चालतात. आमच्या या भागात मल्याळी लोक पुष्कळ. कोपऱ्यावर त्यांचं एक दुकान आहे, केळी, कढीपत्ता, खोबरेल तेल असं मिळतं. परवा सकाळी फिरून येताना बघितलं, त्या दुकानाच्या दारात मातीची मडकी एकावर एक रचलेली. नवी कोरी, तांबडी, तोंडाशी अरुंद. मी तिथंच थांबलो. दुकानदार म्हणाला, "अंकल, चाहिए क्या?" मी नुसती मान हलवली आणि घरी आलो. पण त्या मडक्यांनी मला चाळीस वर्षं मागं नेऊन ठेवलं ते ठेवलंच.

त्रिवेंद्रम बघितल्यावर आधी मला पटेचना, की ही राजधानी आहे. मी खटाव तालुक्याचा. आमच्याकडं माती पांढरट आणि पाणी टँकरचं. तिथं माती कुंकवासारखी, आणि रस्ता म्हणावा तर एक तर चढतोय नाही तर उतरतोय, सपाट असा नाहीच. फणस झाडाच्या बुंध्याला लटकलेले, हात पुढं केला तर हाताला लागतील असे. सकाळी दहाला कचेऱ्या भरायच्या तेव्हा काळ्या छत्र्यांची रांगच्या रांग चढ चढून जायची. सचिवालयाच्या फाटकापुढं रोज कुणी ना कुणी घोषणा देत बसलेलं. आज मास्तर, उद्या नर्सा, परवा काजूच्या कारखान्यातल्या बाया. दुपार झाली की सगळे तिथंच डबे सोडायचे, पोलीससुद्धा त्यांच्याच शेजारी बसून जेवायचा. चहाच्या टपरीवर ग्लास धुणारा माणूस ग्लास उपडा घालून पेपर वाचायचा, आणि मधेच मान वर करून मला विचारायचा, "महाराष्ट्रा? तुमच्याकडं कारखान्याचा संप मिटला का?" मला काय माहीत! मी लाजेनं पेपरातली चित्रं बघायला लागलो आणि लंगरातला हिंदी पेपर बरोबर नेऊन हळूहळू वाचायला शिकलो, तो त्या टपरीवर.

समुद्रही मी तिथंच पहिल्यांदा बघितला. शहराच्या अगदी कडेला, विमानतळाला लागून. तीस-चाळीस कोळी दोन रांगा करून दोरखंड ओढतायत, जाळं येता येत नाही, सगळे एका सुरात हैय्या हैय्या करतायत आणि त्यांच्या डोक्यावरून विमान चाकं काढून खाली उतरतंय. ना कोळी वर बघत, ना विमान खाली बघत. मी आणि इंदू रविवारी जायचो. इंदू म्हणजे माझी बायको. ती पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहायची आणि म्हणायची, "अहो, पायाखालची वाळू पळतीय." मी म्हणायचो, "मग बाहेर ये." ती येत नसे.

मोठ्या देवळात जायचं तर बाप्यांनी सदरा काढून, धोतर नेसूनच जायचं. एकदा आमचे कर्नल साहेब आणि मी एकाच रांगेत, दोघंही उघडे. साहेब म्हणाले, "आज तू और मैं एक ही यूनिफॉर्म में." मी मनात म्हटलं, पोटावरून कळतंय साहेब, कोण कुणाच्या हातचं खातो ते.

अशा गावाला कुणी जात नाही, याचं मला नवल वाटतं. लोक केरळला जातात, म्हणजे चहाच्या मळ्यात जातात आणि बोटीत बसतात. त्रिवेंद्रमला विमानातून उतरले तरी टॅक्सीत बसून तडक कोवळमच्या किनाऱ्यावर. गाव मधे लागतं ते काचेतून बघतात. गावानं कुणाला बोलावलेलं नाही, कुणासाठी नटलेलं नाही, म्हणून ते दिसत नाही. दिसायला तिथं चार दिवस राहावं लागतं, आणि चार दिवस आता कुणाकडं नसतात.

माझ्या मुलाकडं, नितीनकडं, सहा दिवस होते. नोएडाला त्याचं ऑफिस. मागच्या महिन्यात तो लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसला.

"बाबा, सईची परीक्षा संपली की केरळ. सगळे जाऊ. तुम्ही, आई, आम्ही तिघं. हे बघा पॅकेज. कोची, मुन्नार, हाऊसबोट. बिल्कुल आरामात."

"आणि त्रिवेंद्रम?"

"त्रिवेंद्रममध्ये काय आहे? एअरपोर्ट आहे."

"मी दोन वर्षं राहिलोय तिथं."

"तुम्ही तर झाशीलाही राहिलाय बाबा. तिथं जातो का आपण सुट्टीला?"

सून हसली. सईही हसली. मला राग आला. म्हटलं, "त्रिवेंद्रम नसेल तर मी येत नाही."

"यार बाबा, कारण तर सांगा."

कारण मी सांगितलं नाही. मी आलो नाही तर इंदू येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पॅकेज अडलं. आठ-दहा दिवस घरात केरळचं नाव निघेना.

कारण होतं. ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि ते असं होतं.

छावणीत आम्हाला क्वार्टर मिळेना म्हणून बाहेर एक खोली घेतली होती. घरमालकीण ओमना. सगळे तिला चेची म्हणायचे, म्हणजे ताई. तिचा नवरा सचिवालयात कारकून. आपली होळी येते त्याच सुमाराला तिकडं देवीचा पोंगाला नावाचा सण असतो. आठवडाभर आधी गावाचा रंग बदलतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना बाया तीन तीन विटा मांडून ठेवतात. वीट मांडली की जागा तिची. वर खडूनं नाव. बसस्टॉपपुढं विटा, बँकेच्या पायरीशी विटा, पोलीस ठाण्याच्या फाटकात विटा, आणि कुणीही त्या हलवत नाही. दुकानांपुढं मडकी रचलेली, वाळक्या झावळ्यांचे भारे, केळीचे घड. मी सायकलवरून लंगरला जाताना त्या विटा चुकवत जायचो आणि मनात म्हणायचो, हे राजधानीचं गाव आहे की लग्नाचा मांडव?

इंदूनं त्या बायांच्यात बसायचं ठरवलं. मी म्हटलं, "रस्त्यावर चूल मांडणार? आपण काय पाल टाकून राहणारी माणसं आहोत?" दुसऱ्या दिवशी बघतो तर रस्त्यावर ओमनाचेचीच्या विटांशेजारी आणखी तीन विटा, आणि त्यावर खडूनं मराठीत लिहिलेलं, इंदू. सबंध रस्त्यावर ते एकच नाव मला वाचता येत होतं.

त्या दिवशी मला सुट्टी होती. बापे त्या रस्त्यावर थांबत नाहीत, पण एका चहावाल्याच्या ओट्यावरून बघायला हरकत नव्हती. बायाच बाया. जिथवर नजर जाईल तिथवर बाया उकिडव्या बसलेल्या, म्हाताऱ्या, कोवळ्या, डॉक्टरीणबाई आणि तिच्या घरची भांडी घासणारी शेजारी शेजारी. देवीच्या देवळातली चूल पुजाऱ्यानं पेटवली, की ती आग एका चुलीवरून दुसरीवर, हातोहात, झावळीच्या टोकावरून रस्तोरस्ती येते. काडेपेटी कुणी ओढत नाही. शेजारणीकडून घ्यायची, पुढचीला द्यायची. आधी लांबवर धूर दिसला, मग जवळ, मग ओमनाचेचीनं आपल्या चुलीतली पेटती झावळी इंदूच्या चुलीत घातली आणि इंदूनं ती पलीकडच्या अनोळखी बाईला दिली. सगळं गाव धुरात बुडालं. माझे डोळे चुरचुरत होते पण मी हललो नाही. चुलीचा माणूस मी, अशी चूल मी बघितली नव्हती.

तांदूळ, गूळ, खोबरं. मडकी कढायला लागली. आणि मग तोंडाशी हात नेऊन जिभेनं लुलुलु असा आवाज काढतात तिकडं, तो सुरू झाला. इथं, तिथं, पलीकडं. माझं लक्ष इंदूच्या मडक्यावर. फेस वर आला. काठाला लागला. इंदू हात जोडून बसलेली, बघत, काही करत नाही. मला वाटलं हिचं भान गेलंय.

मी ओट्यावरून उडी मारली. दोन चुली ओलांडल्या. पेटती झावळी मडक्याखालून ओढून काढली, तांब्यातलं पाणी फेसावर मारलं. फेस बसला. एक थेंब बाहेर गेला नाही.

"अय्यो!" ओमनाचेची ओरडली. आजूबाजूच्या दहा-बारा बायांचा लुलुलु तिथंच थांबला. इंदूनं माझ्याकडं बघितलं नाही. ती उठली, पदरानं हात पुसले आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी ओमनाचेचीच्या नवऱ्यानं मला मोडक्या हिंदीत समजावलं. मडकं उतू जायला पाहिजे. तेवढ्यासाठीच सगळं. उतू गेलं की देवीनं घेतलं. पोंगाला म्हणजेच ते. मी त्याच्याशी वाद घातला. म्हटलं, खाण्याची वस्तू मातीत सांडायची हा कुठला धर्म? आतून इंदू म्हणाली, "रथसप्तमीला आई अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालायच्या. तुमच्याच आई. विसरलात?"

विसरलो होतो. पण विसरलो असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "ते दूध. हे पायस."

रस्ता संध्याकाळपर्यंत झाडून, धुऊन मोकळा झाला. नगरपालिकेच्या गाड्या विटा उचलून घेऊन गेल्या. पुढल्या वर्षी करशील, असं मी तिला बोललो. पुढल्या वर्षी पोंगाल्याच्या महिनाभर आधी आमची बदली निघाली.

नंतर झाशी, नंतर दिल्ली छावणी. पेन्शनीत गेल्यावर कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाच्या स्वयंपाकघरात मी चौदा वर्षं काढली. ही राजधानी मी तिच्या मागच्या दारातून बघितली आहे. इथंही रस्ते बंद होतात. शिट्टी वाजते, पोलीस हात आडवा करतो, गेलं कुणीतरी मोठं, पाच गाड्या, दहा गाड्या, आणि आपण भाजीची पिशवी घेऊन फुटपाथवर उभे. इंदूला या रस्त्यांवर किती वेळा बाजूला हो म्हटलं गेलंय, ते मी बघितलंय. मंडीत, बसमध्ये, इस्पितळाच्या रांगेत. अशा वेळी मला ते दुसरं गाव आठवायचं. तिथंही मंत्री होते, साहेब होते, लाल दिवे होते. पण वर्षातला एक दिवस ती राजधानी आपले सगळे रस्ते बायांच्या चुलींना देऊन टाकायची आणि मंत्र्यांच्या गाड्या उभ्या राहायच्या. जगात राजधान्या पुष्कळ असतील. असं करणारी दुसरी मला कुणी दाखवावी.

आणि तिथं, त्या एका दिवशी, तिला उठवणारा मी.

म्हणून मला जायचं होतं. इंदूचे गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा; ती म्हणते, पुढल्या वर्षी, मग बघू. ती बघू म्हणाली की मला धडकी भरते. अडुसष्टची आहे. तिचं ते मडकं राहून गेलंय आणि ते मी अडवलंय, हे मुलाला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा हट्टी म्हातारा म्हणवून घेतलेलं सोपं.

काल दुपारी घरी आम्ही दोघंच होतो. ती बाल्कनीत मेथी निवडत होती. एकाएकी म्हणाली, "तुम्ही असे का अडून बसलात? पोरांची सुट्टी का नासवता?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "मला विचारलंत कधी?"

मग मला सांगावं लागलं. दुकानापुढच्या मडक्यांपासून सुरुवात केली, आणि त्या उडीपर्यंत आलो. म्हटलं, "तू त्या दिवशी देवीकडं काय मागितलं होतंस? चाळीस वर्षं मला ते खातंय. ते तुला मिळालं का?"

ती हसायला लागली. अगदी मनापासून. मला वाईट वाटलं.

"काही मागितलं नव्हतं हो. बाया करत होत्या, मी पण बसले."

"मग?"

"मग काय मग?" ती परत मेथी निवडायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "लग्नाला चार वर्षं झाली होती. कुठं जरा टेकले की कुणीतरी उठ म्हणायचं. सासूबाई म्हणायच्या. त्याआधीच्या गावी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा सुभेदारणी म्हणायची. तिथं मी भर रस्त्यात बसले, डांबरावर, राजासारखी. हवालदार आला ना, तो वळसा घालून गेला. मला इतकं बरं वाटत होतं! वाटत होतं, हे असंच चालू राहू दे. मडकं भरून वाहू दे, धूर होऊ दे, कुणाला काही घाई नको." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मग तुम्ही आलात."

मी म्हटलं, "उतू जात होतं."

"जाऊ द्यायचं होतं."

खालून भाजीवाल्याची हाक आली. मग म्हणालो, "चुकलं माझं." हे दोन शब्द मला एवढे जड जातील असं वाटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर एवढे हलके वाटतील असंही नाही.

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "चहा करा."

मी आत गेलो. गॅस लावला. म्हटलं, "येशील का? यंदा? पोरांनी त्यांचं पॅकेज करावं, मी नितीनला सांगतो. आपण दोघंच आधी जाऊन येऊ. रेल्वेनं."

"गुडघ्यांचं काय?"

"स्टूल नेऊ. विटा जास्त लावून चूल उंच करू."

"आणि तुम्ही कुठं असणार?"

"ओट्यावर."

"ओट्यावर नको. लांब. समुद्रावर जाऊन बसा."

"बरं."

मला वाटलं, नको म्हणणार. कप भरले तेव्हा ती म्हणाली, "कधी असतं ते यंदा? कोपऱ्यावरच्या दुकानात विचारा."

नितीन ऑफिसातून आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, उडी मारल्याचंसुद्धा. तो ऐकून घेत होता, मधेच म्हणाला, "बाबा, तुम्ही पेटत्या चुलींवरून उडी मारली?" सई म्हणाली, "आजोबा, सो रूड!" मी म्हटलं, होय. नितीननं मोबाइल काढला, म्हणाला, "आत्ता बुक करतो, दोन मिनिटं." मी त्याला थांबवलं. हे तिकीट माझ्या हातचं पाहिजे.

आज सकाळी मी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो आणि तारीख विचारून घेतली. मग मेट्रोनं निजामुद्दीनला गेलो. रिझर्वेशनच्या खिडकीपुढं रांग होती. फॉर्म मी स्वतः भरला, सावकाश, चश्मा दोनदा पुसून. पहिल्या ओळीत इंदू, वय अडुसष्ट, खालचा बर्थ. दुसऱ्या ओळीत मी, मिळेल तो बर्थ.

खिडकीतल्या बाईनं फॉर्म बघितला. म्हणाली, "बाबूजी, वापसी की तारीख खाली है. कब लौटना है?"

आयुष्यभर बदलीच्या गावाला जायचं काय आणि यायचं काय, तारीख मीच सांगत आलो. तोंडाशी तारीख आलीसुद्धा होती.

"अभी जाने का दे दो," मी म्हटलं. "लौटने का घर में पूछके बताऊंगा." आणि मागच्या माणसाला पुढं होऊ दिलं.